थंड हवेला

वैशाख लागला की साहेब लोक महाबळेश्वराला जात, शेटिये माथेरानला जात, आणि आम्ही तिघे मित्र माझ्या माडीवर जमत असू. त्यालाच आम्ही थंड हवेला जाणं म्हणायचो.

माडी म्हणजे माझा फोटो काढायचा स्टुडिओ. गिरगावात कांदेवाडीच्या तोंडाशी, दोन जिने वर. छपराची उत्तरेकडची बाजू काचेची होती, कारण चेहऱ्यावर उजेड सारखा पडायला हवा. उजेड सुरेख पडे, पण उन्हाळ्यात त्या काचेखाली बसणं ही शिक्षाच होती. नवरदेवांचे शेले घामाने भिजत आणि गिऱ्हाइकं मनातल्या मनात मला शिव्या देत. त्यांच्या पाठीमागे मात्र छतापासून जमिनीपर्यंत पडदा होता. त्यावर हिरवंनिळं तळं, तळ्यापलीकडे बर्फाचे डोंगर आणि काठाला बांधलेली एक होडी.

पडदा उत्तमने रंगवला होता. तो आणि मी चित्रकलेच्या शाळेत एका बाकावर बसायचो. पुढे मी कॅमेऱ्याच्या नादाला लागलो आणि तो परळच्या एका गिरणीत साड्यांच्या काठांची नक्षी काढू लागला. विलायती बिस्किटांच्या एका डब्याच्या झाकणावर हे तळं होतं. झाकण तळहाताएवढं; उत्तमने ते मांजरपाटावर भिंतभर उतरवलं. चौकट आणि पडदा गुंडाळायचा दांडा कुशाबाने केला. कुशाबा त्याच गिरणीत सुतार होता, मूळचा मालवणकडचा, राहायला लालबागेत. चौकट ठोकून झाल्यावर तो घरी जाईचना. पडद्यासमोर मांडी घालून बसला आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, "ह्या पाण्यात मासो असतलो काय रे?"

"असतो ना. पण गळाला लागत नाही," उत्तम म्हणाला.

त्या दिवसापासून आमचं तिघांचं जमलं. उन्हाळ्यातला एक रविवार ठरलेला. कुशाबा सोलकढीचा गडू आणायचा, उत्तम आंबे आणायचा, मी पंखे भिजवून ठेवायचो. पडद्यापुढे तीन खुर्च्या मांडायच्या आणि दुपारभर बसायचं. उत्तम भर वैशाखात गळ्याला लोकरीचं कापड गुंडाळून कुडकुडायचं सोंग करी. शेवटी फोटो. कॅमेऱ्याला लांब रबरी नळी आणि टोकाला फुगा होता. तो मुठीत लपवून मीही तिसऱ्या खुर्चीत बसे आणि दाबे. "हसा लेको, एक दिवस खरोखरच जायचंय," उत्तम दर वर्षी म्हणायचा. कुशाबा दर वर्षी विचारायचा, "आणि बायलेक काय सांगू?"

सन अठराशे पंचाण्णवच्या चैत्रात उत्तमला विषमज्वर झाला. मी त्याच्या डोक्यावर बर्फाची पिशवी धरून बसत असे. ताप चढला की तो पडद्याचंच बोले. होडी सोडली का, पाणी गार आहे का, कुशाबा कुठे राहिला. "अजून थंड हवंय रे," म्हणायचा, आणि बर्फ तर माझ्या हातात वितळून चाललेला. अक्षय्य तृतीयेच्या आधीच तो गेला. त्याची आई, सोनूबाई, पंखा घालत होती. तो गेल्यावरही त्या पंखा घालतच राहिल्या आणि कोणाला त्यांचा हात धरवेना.

माझी बायको पहिल्या बाळंतपणात गेली, मूलही गेलं, तेव्हा मला सगळे म्हणाले की दुःख हळूहळू बोथट होतं. खोटं आहे ते. उत्तम गेल्यावर मला दोन्ही दुःखं एकदम नव्याने लागली.

दहाव्याला बाणगंगेवर गेलो. पिंड मांडला आणि आम्ही सगळे बाजूला उभे राहिलो. कावळे समोरच्या भिंतीवर होते, पण एकही खाली उतरेना. मग नेहमीचं सुरू झालं. उत्तमचे मामा पुढे होऊन म्हणाले, "तुझ्या आईला मी अंतर देणार नाही." कावळे हलले नाहीत. चुलता म्हणाला, "गावच्या घरात तुझा वाटा आईच्या नावे करीन." नाहीच. कोणीतरी त्याच्या राहून गेलेल्या लग्नाचं बोललं, तेव्हा सोनूबाईंना हुंदका आवरेना. ऊन डोक्यावर आलं. गुरुजींनी दर्भ हातात घेतला आणि ते त्याचा कावळा वळायला लागले, म्हणजे शिवला असं धरून उरकायचं.

तेवढ्यात कुशाबा पुढे गेला. रडून त्याचा चेहरा सुजला होता.

"उत्तमा," तो म्हणाला, "तुझ्या मनात काय आसा तां माका ठावक आसा. ह्या वैशाखात थंड हवेक जावया. तिगव जणा. तुका सोडून जावचो नाय."

त्याचं बोलणं संपायच्या आत कावळा पिंडावर होता.

मी असल्या गोष्टी मानत नाही. फोटोच्या काचेवर उमटतं तेवढं खरं, असं मी गिऱ्हाइकांनाही सांगायचो. उन्हाने कंटाळलेला कावळा भूक लागल्यावर उतरला, यात काय विशेष? परतताना मी तसं म्हटलं. कुशाबाने माझ्याकडे पाहिलं.

"शब्द दिलोहा, चंदू," तो म्हणाला. "जावक होया."

म्हणून पुढच्या रविवारी आम्ही दोघेच थंड हवेला बसलो. मलाही बसायचंच होतं, खरं सांगायचं तर. त्या खुर्च्यांकडे बघवत नव्हतं आणि त्या उचलवतही नव्हत्या. नवरा परगावी असला की पूजेला त्याच्या जागी सुपारी ठेवतात. तशी कुशाबाने मधल्या, उत्तमच्या खुर्चीवर एक सुपारी ठेवली. सोलकढीचा एक पेला तिच्यापुढे ठेवला. काच तापली होती, माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. कुशाबा मात्र गळ्याशी उपरणं ओढून बसला होता. मला वाटलं, उत्तमचं सोंग करतोय. मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. मी फुगा दाबला.

कुशाबा गेल्यावर अंधाऱ्या खोलीत लाल दिव्यापुढे मी काचेची प्लेट धुतली. मी होतो, सुपारी होती, कुशाबा होता. कुशाबाच्या तोंडापुढे वाफ होती. पहाटे थंडीच्या दिवसांत बैलांच्या नाकपुड्यांतून निघते तशी, चांगली वीतभर. माझ्या तोंडापुढे काही नव्हतं.

प्लेटवर डाग पडायला शंभर कारणं असतात. कुठूनतरी उजेड शिरतो, द्रावण बिघडतं. मी नवं द्रावण केलं, कॅमेऱ्याचा भाता कुठे फाटलाय का ते पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी एका पारशी कुटुंबाचे फोटो काढले. ते स्वच्छ आले.

पुढच्या रविवारी कुशाबा न बोलावता आला. त्याच्या पुढच्याही. दार ढकलून थेट पडद्यापुढे जायचा आणि आपल्या खुर्चीत बसायचा. मी दर वेळी प्लेट लावायचो, कारण मला कारण शोधायचं होतं. दर वेळी त्याचा श्वास काचेवर उमटायचा, आणि दर वेळी तो जरा आखूड असायचा.

"वळून वळून पडद्यात काय बघतोस तू?" मी एकदा विचारलं.

"तो हसता," कुशाबा म्हणाला. "बरो आसा. ताप नाय."

हे ऐकून मला जो आनंद झाला त्याची मलाच लाज वाटली. खोटं का असेना, उत्तमला ताप नाही हे कोणीतरी म्हणायला हवं होतं.

मग एका दुपारी शांतावहिनी आली, कुशाबाची बायको. ती एकटी कधी येत नसे. सातवा महिना लागलेला, लालबागेहून चालत आलेली. जिना चढून तिला बोलता येईना. मी पाणी दिलं.

"भावोजी," ती म्हणाली, "ह्येंका तुमी खंय नेतास?"

"कुठे नेणार? इथेच बसतो दोघं."

"मगे ह्ये असे कित्याक? गिरणीत माणसा उघड्या अंगान काम करतत, आणि ह्येंच्या अंगार घोंगडी. सगळे हसतत ह्येंका." तिने पदराने तोंड पुसलं. "काल ह्येंच्या उशाकडलो तांब्यो मी तोंडाक लावलंय. माजे दात ठणाकले. असा पाणी मी जल्मात पिऊक नाय."

मी काहीतरी हिवतापाचं बोललो. कोयनेलचं औषध घ्यायला सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"ताप नाय, भावोजी. ताप आसतो तर मी हंय येतंय कित्याक? तुमच्या दोस्ताक सांगा. माज्या पोराक बापूस होयो."

कोणत्या दोस्ताला, ते तिने सांगितलं नाही.

ती गेल्यावर मी पडदा उतरवला. दांड्यावर गुंडाळताना उत्तमचे डोंगर एकेक करून आत गेले, तळं गेलं, शेवटी होडी. मला वाटलं मी त्याला दुसऱ्यांदा तिरडीवर बांधतोय. पण कुशाबाला पोर होणार होतं, आणि ते पोर बापाशिवाय वाढावं एवढा मी निर्दय नव्हतो. पडदा पोटमाळ्यावर टाकला. कुशाबाला निरोप पाठवला की काही दिवस स्टुडिओ बंद आहे, येऊ नको.

त्या रविवारी शीवला एका घरी लग्नाचे फोटो काढायचे होते. काम लवकर आटोपलं आणि मी भर दुपारी परतलो. रस्त्यावर डांबर नव्हतं, मातीच होती, पण तीही चटके देत होती. ट्रामचे घोडे फेस गाळत उभे होते. मी जिना चढलो तर दाराची कडी निघालेली. ती कडी कुशाबानेच बसवली होती. काढणं त्याला काय अवघड?

तो कोऱ्या भिंतीकडे तोंड करून बसला होता. तिन्ही खुर्च्या ओळीत. मधल्या खुर्चीवर सुपारी नव्हती.

मी आत पाऊल टाकलं आणि थांबलो. वर काच ऊन ओतत होती. माझ्या कपाळावर घाम होता. आणि कुशाबाच्या मिशीवर पांढरं काहीतरी साचलेलं होतं. मी जवळ जाऊन बोट लावलं, तर ते वितळलं.

"कुशाबा, ऊठ."

"थांब." त्याचे ओठ निळे पडले होते, शब्द फुटत नव्हते. "होडी सोडूची आसा."

"पडदा नाही इथे. भिंत आहे. बघ, चुना आहे हा!"

"तिसरो येवचो आसा," तो म्हणाला. "तो रोज विचारता. चंदू खंय, म्हणता. मी सांगतंय, इलोहा तो. तो म्हणता, नाय. चंदू फुगो धरून बसलोहा, तो येवक नाय."

मी त्याला काखेत हात घालून उठवायला गेलो. तो हलेना. माणसाचं वजन मला माहीत आहे. हे वजन त्याचं नव्हतं. जणू कोणीतरी दुसऱ्या बाजूने त्याला धरून ठेवलं होतं. जोराने नाही. मित्र धरतो तसं.

मी त्याच्या छातीला कान लावला. ठोका होता, पण फार लांबून.

खाली कोणा वैद्याला बोलवायला धावलो असतो तर परत येईपर्यंत काय राहिलं असतं, हे मला कळत होतं.

मी माझ्या खुर्चीत बसलो. त्या खुर्चीत हातात फुगा न घेता मी कधीच बसलो नव्हतो. हात कुठे ठेवावेत कळेना, म्हणून मांडीवर ठेवले आणि समोर बघितलं. कॅमेऱ्याकडे नव्हे. मी खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड केलं.

चुना. एक खिळा. चौकटीची खूण.

"उत्तम," मी म्हटलं. बाणगंगेवर मी एक शब्द बोललो नव्हतो. "उत्तम, मला तुझ्याशिवाय करमत नाही. सकाळी उठलो की आधी तुझी आठवण येते, मग तू नाहीस याची येते. पण ह्याला सोड. ह्याच्या घरी पोर यायचंय."

काही झालं नाही. कुशाबाचा श्वास घशात अडकला.

"माझ्या घरी कोणी येणार नाही," मी म्हटलं. "मी येतो. पुढच्या उन्हाळ्यात. मी एकटा येतो, खरा येतो. ह्याला घरी पाठव."

मधली खुर्ची सरकली.

फरशीवर लाकडाचा आवाज झाला, एवढंच. खुर्ची कुशाबापासून थोडी दूर आणि माझ्या थोडी जवळ आली. मी तिच्याकडे बघितलं नाही. मला फार भीती वाटली असं लिहायला हवं, पण तसं झालं नाही. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा माझा घाम थांबला. कोणीतरी शेजारी बसलं की एकटेपणा जातो, तसा तो गेला.

कुशाबा खोकला. मग त्याने एकदम घोंगडी फेकून दिली.

"आयशीक! किती उकाडता हंय!" तो म्हणाला आणि कपाळ पुसायला लागला. अंगावर घामाच्या धारा होत्या. मी त्याला मिठी मारली तर तो मलाच दटावायला लागला, "रडतस कित्याक रे? आणि पडदो खंय गेलो?"

मी त्याला ट्रामपर्यंत पोचवलं. शांतावहिनीने दुसऱ्या दिवशी तांदळाची तळलेली गोड बोरं पाठवली.

त्यानंतर आमच्या भेटी कमी झाल्या. कुशाबाचं गिरणीतलं काम वाढलं, घरी बाळ आलं. मुलगा. त्याचं नाव त्यांनी उत्तम ठेवलं, हे कळलं तेव्हा मी स्टुडिओ बंद करून बराच वेळ चौपाटीवर बसलो होतो. माझी प्रकृती चांगली होती. भूक लागायची, झोप यायची. धंदाही बरा चालला होता. लोक म्हणत, एवढं होऊन हा माणूस सावरला बरं का.

दसऱ्याला ते तिघे सोनं द्यायला आले. आश्विनातलं ऊन छपराच्या काचेवर तापत होतं. कुशाबाच्या अंगावर मांस चढलं होतं, जिना चढून तो धापा टाकत होता आणि त्यावरून स्वतःच विनोद करत होता. त्याने आपट्याची पानं माझ्या हातात ठेवली, मला कडकडून भेटायला पुढे झाला, पण तेवढ्यात त्याचं लक्ष कोपऱ्यातल्या नव्या कॅमेऱ्याकडे गेलं आणि तो तिकडे वळला.

शांतावहिनी बाळाला घेऊन माझ्यासमोर आली. बाळ झोपलेलं होतं. काळंसावळं, गुटगुटीत, गालावर दुधाचा डाग.

"भावोजी, तुमच्यामुळे ह्येच्या नशिबात बापूस ऱ्हवलो," ती हळूच म्हणाली. "आशीर्वाद द्या."

ती गुडघ्यांवर बसली आणि तिने बाळाला माझ्या पायांवर ठेवलं.

बाळाने एकदम श्वास आत ओढला. दोन्ही हात ताठ झाले, डोळे उघडले. ते रडलं नाही. त्याला रडता येईना. त्याचे ओठ माझ्या डोळ्यांसमोर निळे व्हायला लागले.

शांतावहिनीने त्याला उचलून छातीशी धरलं. मग एका हाताने माझ्या पावलाला नुसता स्पर्श केला आणि हात मागे घेतला. ती वर बघत होती. मी तिच्याकडे बघत होतो. मला तोपर्यंत काही माहीत नव्हतं. मला माझे पाय मुळीच गार वाटत नव्हते.

"काय झाला गो?" कुशाबाने कॅमेऱ्यामागून विचारलं.

"काय नाय," ती म्हणाली. "भूक लागली त्येका. चला."

"अगो, आताच तर इलो! चंदू, पुढल्या वैशाखात पडदो लाव हां परत! ह्या बारक्या उत्तमाक पण घेवन येतंय!"

"चला," ती म्हणाली.

तिने बाळाभोवती पदर घट्ट गुंडाळला आणि कुशाबाचा दंड धरून त्याला दाराकडे ओढलं. उंबऱ्याशी ती क्षणभर थांबली. मला वाटलं काहीतरी बोलेल. तिचे डोळे भरून आले होते, पण पाऊल बाहेरच पडलेलं होतं. जिन्यात बाळाचा आवाज फुटला आणि ते जोरजोराने रडायला लागलं. मी खिडकीतून खाली पाहिलं. रस्त्यावर, भर उन्हात उभी राहून ती बाळाची पाठ चोळत होती, आणि कुशाबा वर बघून मला हात करत होता. तिने त्याचा तो हात खाली ओढला.